भिंगरीची पाणथरी

४ एप्रिल

ताई,

नमस्कार. काल फोन केला होता, पण फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही आणि मला फक्त तुमचंच ऐकावं लागतं. कुंपणाची तार कुठे तुटली ते सगळं सांगितलंत आणि फोन ठेवून दिलात. म्हणून लिहिते. दूध न्यायला गाडी येते ना, तिच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती हे पत्र देतेय. उत्तरही त्यांच्याच हाती द्या, पोस्टाच्या नादी लागू नका.

भिंगरी दवाखान्यात आहे. घाबरू नका. सुट्टीत तुमच्याकडून आली तेव्हा गुटगुटीत होऊन आली होती. मग तीनेक आठवड्यांनी ताप सुरू झाला. आधी वाटलं शाळेतून सर्दी आणली असेल. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची दोन औषधं झाली, ताप जातोय म्हणता म्हणता परत येतोय. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं, पोटाची सोनोग्राफी झाली. डाव्या बरगडीखाली प्लीहा असते, ती सुजली आहे आणि तिच्यात पुवाचे बारीक बारीक ठिपके दिसतात. एवढ्या लहान मुलांना असं सहसा होत नाही म्हणे. सलाइनमधून औषध चालू आहे. काळजीचं काही नाही.

इथल्या डॉक्टरीणबाई सगळ्यांना विचारून घेताहेत. तुमच्याकडे असताना भिंगरी कच्चं दूध प्यायली का? मांजराने ओरबाडलं का? काही चावलं का, कुठलं साचलेलं पाणी प्यायली का? आठवेल तसं कळवा.

बाकी ठीक. तुमच्या बंधुराजांना रजा मिळत नाहीये, लिफ्ट बिघडायच्या काही थांबत नाहीत. मी चष्म्याच्या कारखान्यात सांगून टाकलंय की भिंगं घासायला दुसरं कुणी बघा.

तुमची
धाकटी


६ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. कच्चं दूध! माझ्या घरात कच्चं दूध कपाच्या कडेलाही लागत नाही. तीन वेळा वर येईपर्यंत उकळते मी. आई गेली त्या दिवशीसुद्धा दूध उकळूनच मग रडायला बसले. आणि तू मला विचारतेस? लग्न होऊन आलीस तेव्हा माझ्या हातचं दूध वास येतो म्हणून खिडकीतल्या कुंडीत ओतलं होतंस. मी पाहिलं होतं. बोलले नाही इतकंच.

मांजर माझ्याकडे नाही. चावायला माझ्याशिवाय इथे कुणी नाही. पाणी विहिरीचं, तेही गाळून. उलट तुमच्या त्या गच्चीवरच्या टाकीत कोण डोकावून बघतं सांग? तिथे बघायला सांग तुझ्या डॉक्टरीणबाईंना. पोर माझ्याकडे होती तोवर तिला शिंक आली नाही. तुमच्याकडे गेली आणि आजारी पडली, आणि जाब मला!

प्लीहा प्लीहा काय करतेस, पाणथरी म्हण की. आपल्या माणसांना कळेल असं लिही. आणि ती आता कशी आहे, खाते का, झोपते का, ते एका ओळीत तरी लिहायचं होतंस. नुसते प्रश्न काय पाठवतेस?

माझी विचारपूस तू केली नाहीसच, तरी सांगते. मी ठणठणीत आहे. शेळ्या ठीक. कुंपण झालं.

तिला माझा पापा दे. गालावर नको, कपाळावर. गालावरचा पुसून टाकते कार्टी.

ताई


८ एप्रिल

ताई,

राग आला असेल तर येऊ दे. भांडण आपण नंतर करू, मी कुंडीचा हिशेबही देईन. आता मात्र जे विचारते त्याचं उत्तर द्या.

मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. काळजीचं काही नाही असं लिहिलं ते खोटं होतं. औषधाने काहीही फरक पडलेला नाही. रक्तातून जंतूही सापडत नाही, त्यामुळे कुठल्या जंतूवर मारा करायचा तेच यांना कळत नाहीये. आज शस्त्रक्रियेवाले डॉक्टर येऊन गेले. ताप असाच राहिला तर पुढच्या आठवड्यात पोट उघडून पाणथरी काढून टाकावी लागेल म्हणाले. सुई घालून पू काढता येत नाही, कारण ठिपके बारीक आहेत, पुष्कळ आहेत, आणि ती रक्ताने भरलेली पिशवी आहे.

मी विचारलं, तिच्याशिवाय माणूस जगतो ना? जगतो म्हणाले. पण रक्तातले जंतू गाळायचं काम तीच करते, म्हणून लहानपणीच काढली तर पुढे साधा तापसुद्धा अंगावर काढायचा नाही. रोज औषध, लसी, आणि ताप आला की पळत दवाखान्यात. जन्मभर. ताई, ती साडेचार वर्षांची आहे. मला ती पाणथरी तिच्या पोटात राहायला हवी आहे. बाकी मला काही नको.

तुम्ही विचारलंत ना कशी आहे. सकाळी बरी असते, माझ्याशी भांडते, नर्सच्या टोपीवर हक्क सांगते. दुपार कलली की ताप चढतो. आधी हुडहुडी, मग संध्याकाळी अंग फणफणतं, मग रात्री एवढा घाम येतो की फ्रॉक पिळून काढावा. घामाला ओल्या गवतासारखा वास येतो. गुडघे दुखतात, कंबर दुखते म्हणते. ह्या वयात कंबर! खात नाही. घरभर भिरभिरणारी पोर, आता मी उचलल्याशिवाय बाथरूमला जात नाही.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे, तुमच्याकडे तिने सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते सगळं लिहा. कामाचं काय, बिनकामाचं काय, ते तुम्ही ठरवू नका, मी ठरवते म्हणाल्या. बंधुराजांना विचारून झालं. त्यांच्या लेखी पोर तिथे फक्त खेळली.

तुमची
धाकटी


९ एप्रिल

धाकटे,

गाडी उभी आहे आणि ड्रायव्हरला मी चहा देऊन बसवलंय, म्हणून अक्षराकडे बघू नकोस.

मीही खोटं लिहिलं होतं. मी ठणठणीत नाही. तू पोरीचं जे लिहिलंस ना, हुडहुडी, मग ताप, मग घाम, तो वाससुद्धा, ते सगळं मला होतंय. पोर तुमच्याकडे परत गेली त्यानंतर सुरू झालं. दुपारनंतर दोन शाली घेऊन चुलीपाशी बसते. कंबर अशी धरते की शेळीखाली बसले तर उठायला दाराचा आधार घ्यावा लागतो. वयाचं असेल म्हणून गप्प होते. खरं सांगू? वयाचं असेल असं मलाही वाटत नव्हतं. पण बंधुराजांच्या कानावर गेलं असतं तर ते उद्याच येऊन म्हणाले असते, विक त्या शेळ्या आणि चल आमच्याकडे. मला तुमच्याकडे यायचं नाही. तुमच्या घरात मला झोप लागत नाही. म्हणून लपवलं. पण पोरीच्या पोटावर सुरी फिरणार असेल तर मला काय लपवायचंय? जे व्हायचं ते होऊ दे. वाचून दाखव तुझ्या डॉक्टरीणबाईंना.

आता ती काय काय करायची ते लिहिते. सकाळी उठली की गोठ्यात. मी धार काढत असताना शेळ्यांना नावं ठेवायची. मग उकळलेलं दूध, पुन्हा सांगते, उकळलेलं, आणि पाव. मग कोंबड्यांच्या मागे. दुपारी माझ्या कुशीत झोपायची, लाथा मारायची. संध्याकाळी विहिरीपाशी भांडी घासायचं नाटक. चिंध्यांची बाहुली केली होती, ती रोज मरायची आणि रोज जिवंत व्हायची.

आणि हो, मास्तरीण व्याली तेव्हा ती होती. मास्तरीण म्हणजे ती काळी शेळी, सगळ्यांकडे चष्म्यावरून बघितल्यासारखं बघते म्हणून तिने ठेवलेलं नाव. दिवस भरायच्या आधीच व्याली. एक करडू मेलेलंच आलं, दुसरं जिवंत पण गार पडत चाललेलं. आमच्याकडे असं अशक्त करडू आलं की ते पोराच्या पोटाशी बांधतात. घरात पोराच्या पोटाएवढं ऊबदार दुसरं काही नसतं. आई मला आणि तुझ्या नवऱ्याला असंच बसवायची. मी भिंगरीचा स्वेटर वर केला, ओलं करडू तसंच तिच्या पोटाशी लावलं आणि वरून शालीने बांधून टाकलं. अर्धी दुपार बसली गं, हलली नाही. भिंगरी आणि हलली नाही! नाक पुसत होती त्याचं बोटाने. त्याने डोळे उघडले तेव्हा ती ओरडली, आत्या, चालू झालं! एवढी हसले मी. करडू जगलं. आता उड्या मारतंय.

तेवढं एक सोडलं तर बाकी सगळं रोजचंच. मला तरी ह्यात आजारासारखं काही दिसत नाही.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

ताई


१२ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र डॉक्टरीणबाईंनी उभ्या उभ्या वाचायला घेतलं. तुमच्या तापाशी आल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, दोन गावांत दोन माणसं, ताप एकच. मग करडापाशी आल्या तेव्हा मला विचारलं, उघड्या पोटाशी? मी म्हटलं, लिहिलंय ना. त्या तिथूनच प्रयोगशाळेला फोन लावायला उठल्या. भिंगरीचं रक्त जपून हाताळा, दुसरी तपासणी लावा, असं सांगत होत्या.

काल निकाल आला. शेळ्यामेंढ्यांचा एक आजार आहे, ब्रुसेलोसिस. शेळी दिवसाआधी व्याली, मेलेलं करडू आलं, तर हा आजार असण्याचा संशय घ्यायचा असतो. कच्च्या दुधातून तो माणसाला होतो हे त्यांना ठाऊकच होतं, पण दूध उकळलेलं म्हटल्यावर त्यांनी हा आजार मनात मागे टाकला होता. तुमचं दूध निर्दोष आहे, ताई. जंतू व्यायल्याच्या वेळच्या पाण्यात आणि वारेत असतो, दुधापेक्षाही जास्त. पोरीच्या पोटावर ओरखडे असतील, किंवा तीच बोटं तोंडात गेली असतील. हळू वाढणारा जंतू आहे, म्हणून आधी सापडला नाही. पाणथरीत जाऊन बसतो, पण लहान मुलांत असे पुवाचे ठिपके क्वचितच करतो.

डॉक्टरीणबाईंनी बंधुराजांना विचारलं, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की जनावरांशी संबंध आला का, तुम्ही नाही म्हणालात. तर हे म्हणतात, जनावरं कुठे, त्या ताईच्या शेळ्या आहेत! ह्यांना अजूनही आपलं काय चुकलं ते पुरतं कळलेलं नाही.

शस्त्रक्रिया तूर्त थांबवली आहे. औषधं बदलली. एक इंजेक्शन आणि दोन पातळ औषधं, काही महिने घ्यायची. त्यातल्या एकाने लघवी केशरी होते. भिंगरीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळली, आता येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायला बोलावते. पण ठिपके आटले नाहीत तर पाणथरी काढावीच लागेल, असं शस्त्रक्रियेवाल्यांनी पुन्हा बजावलंय. महिन्याभराने सोनोग्राफी करून ठरवणार.

आता तुमचं. बरोबर चिठ्ठी आहे, ती घेऊन आजच्या आज तालुक्याच्या दवाखान्यात जा. ड्रायव्हरकाका नेतील, मी बोलले आहे. आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. डॉक्टरीणबाईंनी तिकडे कळवलंच आहे, कळवावं लागतं. त्यानंतर शेळ्यांचं काय होतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही असेल.

एक खरं लिहिते. पत्र वाचल्यावर मला तुमचा भयंकर राग आला. माझ्या लेकीच्या पोटाला ते ओलं करडू बांधलं, हे डोळ्यापुढून जाईना. राग अजून पुरता गेलेला नाही. पण तुम्ही तापाचं लिहिलं नसतं तर मंगळवारी तिचं पोट उघडलं असतं. हेही तितकंच खरं.

तुमची
धाकटी


२२ एप्रिल

धाकटे,

रागाव. मीच माझ्या हाताने पोरीच्या पोटाशी आजार बांधला आणि वर शालीची गाठ मारली. मला माहीत नव्हतं, हे म्हणून काही होत नाही. रात्री उठून बसते आणि तेच दिसतं. तू अजून चार शिव्या दिल्या असत्यास तर मला बरं वाटलं असतं.

मला तोच आजार निघाला. गोळ्या चालू आहेत. केशरी मलाही झालीय, भिंगरीला सांग, स्पर्धा लावू.

गुरांचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. तरुण आहे, भला आहे, शेळीला आधी थोपटतो आणि मग सुई लावतो. चौदातल्या नऊ शेळ्यांत निघाला. उरलेल्याही जिवंत ठेवता येणार नाहीत म्हणाला, एकाच गोठ्यातल्या. दुधाचं विचारलं तर म्हणाला, डेअरीत यंत्रात तापवतात, त्यामुळे पुढे कुणाला बाधणार नाही. तेवढंच बरं ऐकायला मिळालं. शुक्रवारी त्यांना न्यायला गाडी आली. मास्तरीण चढेना. मलाच पुढे व्हावं लागलं, माझ्यामागे चढली. करडूही गेलं. गोठा आता चुन्याने आणि औषधाने धुतलाय, त्या वासाने डोळे चुरचुरतात. शालही जाळली.

बंधुराज रविवारी आले होते. मला वाटलं आता सुरू होणार, चल आमच्याकडे. तर नुसती कुंपणाची तार पुन्हा ओढून घट्ट करून गेले. आता आत काय आहे कुंपणाच्या? पण मी करू दिलं.

ड्रायव्हर अजूनही गाडी थांबवतो. न्यायला दूध नसतं, तरी हॉर्न वाजवतो, पत्र आहे का विचारतो.

पाणथरीचं काय ते कळल्या कळल्या लिही. वाईट असलं तरी लिही. मागच्यासारखं काळजीचं काही नाही वगैरे नको.

ताई


१३ मे

ताई,

आधी तेच सांगते. पाणथरी राहिली.

काल सोनोग्राफी झाली. सूज जवळजवळ उतरली आहे. ठिपके निम्म्याहून जास्त गेले, उरलेत ते राईएवढे. शस्त्रक्रियेवाल्या डॉक्टरांनी दोनदा यंत्र फिरवून बघितलं आणि म्हणाले, ह्या पोटाला मी हात लावणार नाही. मी त्यांच्यासमोर भोकांड पसरलं. त्यांना वाटलं मला नीट कळलं नाही, म्हणून बिचाऱ्यांनी परत पहिल्यापासून समजावून सांगितलं. ताप दोन आठवडे नाही. औषधं अजून काही महिने घ्यायची आहेत, अधूनमधून तपासणी आहे, पण पाणथरी तिची तिच्याकडे. काल घरी आणलं. आल्या आल्या गोल गोल फिरायला लागली आणि चक्कर येऊन पडली. मी ओरडले नाही, तुमच्या बंधुराजांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

माझा राग गेला, ताई. केव्हा गेला ते कळलं नाही. तुम्ही एकटीने त्या सगळ्यांना गाडीत चढवलंत हे वाचलं तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसले होते. मला तिथे तुमच्याजवळ असायला हवं होतं असं वाटलं.

एक अडचण आहे. भिंगरी रोज विचारते, माझं करडू केवढं झालं? मी अजून टाळतेय. खोटं सांगायची माझी तयारी आहे, दुसऱ्या शेतावर गेलं म्हणून. तुम्ही म्हणाल तसं.

आणि तुम्ही इकडे या. राहायला नव्हे, घाबरू नका. चार दिवस. ती उचलून घ्या म्हणून जीव खाते आणि माझे हात दुखतात.

तुमची
धाकटी


१५ मे

धाकटे,

करडाचं मी सांगेन तिला. तुला जमायचं नाही, तू मध्येच रडशील. दुसरं शेत वगैरे काही नको. ते जन्मलं तेव्हा ती होती, तर ते गेलं हेही तिला कळू दे. तिने ऊब दिली म्हणून ते तेवढं जगलं, आणि ती आजारी पडली ते करडामुळे नाही, आत्याला ठाऊक नव्हतं म्हणून, असं सांगणार आहे. ती रागावली तर रागावू दे.

शनिवारच्या गाडीने येते. माझी कंबर अजून धड नाही, त्यामुळे उचलून घेईन ते बसूनच. झोप लागो न लागो.

तुझं पत्र मी फाटकातच फोडलं. पाणथरी राहिली एवढं वाचलं आणि पुढचं काही न वाचता धावत गोठ्यात गेले, सगळ्यांना सांगायला. दार उघडलं तेव्हा लक्षात आलं. मग म्हटलं, आलेच आहे तर, आणि रिकाम्या गोठ्यात मोठ्याने सांगून टाकलं.

ताई